केक टोस्टाचं कूळ

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी नरखेड मागे टाकून पांढुर्ण्याला लागते, तेव्हा राज्य बदललेलं असतं; बोलणं बदललेलं नसतं. तिगाव याच मार्गावरचं, पांढुर्णा तालुक्यातलं गाव. 1956 साली राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला, तेव्हा सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. एवढ्या उलथापालथीत चहाच्या टपरीवरच्या बरण्या मात्र नागपुरी वळणाच्याच राहिल्या. एका बरणीत टोस, एकीत खारी, एकीत जिरं घातलेले गोल बटर, एकीत नानकटाई. आणि बहुतेक ठिकाणी, जरा मानाच्या जागी, केक टोस.

बाकीच्यांबद्दल कुणी काही विचारत नाही. टोस म्हणजे वाळवलेला पाव, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. खारीचे पदर दिसतातच. नानकटाईला बिस्किटांच्या रांगेतून कुणी उठवणार नाही. केक टोस्टाचं मात्र तसं नाही. तो केकसारखा गोड आणि जाळीदार, बिस्किटासारखा कडक आणि टिकाऊ, आणि नावाने टोस्ट. कुणी त्याला 'केक बिस्कुट' म्हणतं. पाकिटावर 'रस्क' छापलेलं असतं. हा नक्की कोण, हा प्रश्न मला फार दिवसांपासून आवडतो, कारण तो सोडवायचा तर पदार्थाकडे नीट बघावं लागतं, आणि हा पदार्थ बघण्यासारखा आहे.

चांगला केक टोस्ट हातात घ्या. बोटभर जाडीचा, लांबट काप. दोन कापलेल्या बाजू बदामी-सोनेरी, आणि एका कडेला गडद तपकिरी पट्टी. ती पट्टी म्हणजे मूळ केकचा माथा, पहिल्या भाजणीत भट्टीची आच जिने थेट घेतली ती साल. केक टोस्टाची सगळी जन्मकथा त्या एका कडेत आहे. बिस्किटाला अशी कड नसते. बिस्किट एकेक कापून किंवा थापून भाजलेलं असतं, त्यामुळे त्याला चारी बाजूंनी स्वतःची साल असते. केक टोस्टाला साल फक्त कडेला, पोट उघडं. मोठ्या अंगाचा तो तुकडा आहे, हे पहिल्या नजरेतच कळतं.

मग जाळी बघा. बारीक, जवळजवळ सारख्या आकाराची भोकं, मधूनमधून एखादं मोठं. बोटाने दाबला तर लवत नाही, पण नखाने टकटक केलं तर पोकळ, हलका आवाज येतो. नाकाशी नेला तर आधी भाजलेल्या साखरेचा वास, मग वेलदोडा किंवा व्हॅनिला, काही बेकऱ्यांत बडीशेप. कोरडाच चावला तर पहिला आवाज मोठा येतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच तो जिभेवर विरघळू लागतो आणि टाळ्याला किंचित चिकटतो. कोरडा केक टोस्ट मला अपुरा वाटतो. त्यात काहीतरी काढून घेतलेलं आहे आणि ते परत मिळायची तो वाट बघतोय, असं खाताना जाणवत राहतं.

काढून घेतलेलं असतं ते पाणी. करण्याची रीत अशी. अंडी आणि साखर फेटून फुगवायची, त्यात तेल, लोणी किंवा वनस्पती तूप, मैदा, थोडी बेकिंग पावडर. हे पातळसर मिश्रण चौकोनी साच्यात ओतून केक भाजायचा. इथवर तो निर्विवाद केक आहे. तिथेच थांबलात तर वाढदिवसाला कापता येईल. पण बेकरीवाला थांबत नाही. तो केक थंड होऊ देतो, बहुतेक वेळा रात्रभर, कारण गरम केकचे काप पडत नाहीत, चुरा पडतो. दुसऱ्या दिवशी धारदार सुरीने काप काढायचे, पत्र्यावर आडवे मांडायचे आणि मंद आचेवर पुन्हा भट्टीत सारायचे. मध्ये एकदा उलटायचे. या दुसऱ्या भाजणीत घाई झाली की कड जळते आणि पोट ओलं राहतं. असा टोस्ट मधोमध चिवट लागतो आणि लवकर बुरसतो. पहिली भाजणी केक फुगवते, दुसरी त्याला वाळवते. शंभर ग्रॅम साध्या केकमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम पाणी असतं. चांगल्या केक टोस्टात ते थोड्या ग्रॅमांवर येतं. म्हणून केक चार दिवसांत विटतो आणि केक टोस्ट डब्यात महिनाभर राहतो.

केक की बिस्किट, हा वाद एकदा खरोखर न्यायासनापुढे गेला होता. त्या खटल्यातला पदार्थ संत्र्यांच्या मुलखातल्या तिगावच्या माणसाला जवळचा वाटावा असा आहे, कारण त्याच्या पोटात संत्रं आहे. इंग्लंडात मॅकव्हिटीज कंपनी 1927 पासून 'जाफा केक' करते. खाली स्पंजची छोटी चकती, तिच्यावर संत्र्याचा आंबटगोड थर, वरून गडद चॉकलेट. तिथल्या कायद्यात केकवर मूल्यवर्धित कर शून्य, आणि चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर मात्र पूर्ण कर, म्हणजे तेव्हा साडेसतरा टक्के. 1991 मध्ये हे प्रकरण कर न्यायाधिकरणापुढे आलं. डोनाल्ड पॉटर हे न्यायाधीश. निकाल देताना त्यांनी पदार्थाकडे पाहिलं ते एखाद्या जाणत्या खवय्यासारखं. नावात केक आहे याला त्यांनी फार किंमत दिली नाही. आकार बिस्किटाचा, पाकीट बिस्किटाचं, दुकानातली जागा बिस्किटांशेजारची, खायची रीतही काट्याने नव्हे तर बोटांनी; हे सगळं बिस्किटाच्या बाजूचं. उलट, अंडी-मैदा-साखरेचं पातळ मिश्रण केकचं, मऊ पोत केकचा, आणि शिळा झाला की जाफा केक कडक होतो. बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं, केक शिळा झाला की कडक होतो. दोन्हींची लक्षणं आहेत, पण केकची पुरेशी आहेत, असा निकाल लागला आणि कर वाचला.

शिळेपणाची ही कसोटी मला फार हुशारीची वाटते, आणि तिच्यामागचं कारणही पक्कं आहे. केकमध्ये पाणी भरपूर असतं. ते हळूहळू उडतं, आणि शिजून फुगलेला स्टार्च थंड होत होत पुन्हा घट्ट बांधला जातो. म्हणून केक कडक होतो. बिस्किटात मुळातच पाणी नसतं, ते हवेतलं ओढून घेतं. म्हणून मऊ पडतं.

आता ही कसोटी केक टोस्टाला लावू. श्रावणातल्या झडीत, तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही अशा वेळी, डब्याचं झाकण रात्रभर उघडं ठेवा. सकाळी केक टोस्ट मऊ पडलेला असेल, वाकवला तर आवाज न करता तुटेल. म्हणजे लंडनच्या कसोटीने हा बिस्किट ठरला! आकाराने बिस्किट, पाकिटाने बिस्किट, बोटांनी खाण्यात बिस्किट, आणि शिळेपणातही बिस्किटच. जाफा केकला जिने वाचवलं तीच कसोटी केक टोस्टाच्या विरोधात जाते. बरेच जण वाद इथेच सोडतात. मी सोडत नाही, कारण ही कसोटी फक्त पाण्याचं प्रमाण मोजते. पाणी किती आहे ते तिला कळतं. ज्या घरातून पाणी गेलं त्या घराच्या भिंती कशाच्या आहेत, ते तिला कळत नाही.

आपल्याकडच्या कायद्याने रेघ भलतीकडेच ओढली होती. वस्तू व सेवा कर 2017 मध्ये आला, तेव्हा बिस्किटं आणि केक दोन्ही 18 टक्क्यांत गेली, आणि रस्क, भाजलेला पाव वगैरे 5 टक्क्यांत. म्हणजे केक की बिस्किट हा प्रश्नच इथे नव्हता. प्रश्न होता टोस्ट आहे की नाही एवढाच. टोस्ट गरिबाच्या चहाबरोबरचा, म्हणून स्वस्त राहावा, हा विचार त्यामागे असेल तर तो चांगलाच होता. 22 सप्टेंबर 2025 पासून केक, पेस्ट्री, बिस्किटं सगळीच 5 टक्क्यांवर आली. आता कराच्या पावतीला या भेदाशी काही देणंघेणं उरलेलं नाही. म्हणून प्रश्न संपला असं कुणी म्हणेल. मला वाटतं, आता तो खऱ्या जागी आला, जिभेवर.

तिथे पोचण्याआधी एक वळण घ्यावं लागतं, कारण आपल्या घरांत केक आणि बिस्किट यांच्यातली रेघ कराने कधीच ओढली नव्हती. ती अंड्याने ओढली. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या कितीतरी घरांत आजही स्वयंपाकघरात अंडं येत नाही. बिस्किट चालतं, केक चालत नाही, कारण केकमध्ये अंडं असणार हे गृहीत. चातुर्मासात तर विचारूनच घेतलं जातं. अशा घरात केक टोस्ट हा उंबऱ्यावरचा पाहुणा. आजी त्याला बिस्किट म्हणून बशीत घेते, नातू केक म्हणून मागतो, आणि सून पाकीट उलटून हिरवी खूण शोधते. अंडं असेल तर तपकिरी खूण छापावी लागते, त्यामुळे पाकिटाचा निकाल लगेच लागतो. बरणीतल्या सुट्या मालाला मात्र खूण नसते; तिथे दुकानदाराच्या शब्दावर विश्वास.

बेकरीच्या मालाबद्दलचा हा धाक जुना आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हात लावला, कुणी तोही नाही. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात मोठं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा आणि बिस्किट यांच्यावरून महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या माणसांना जाब द्यावा लागला, याला फार काळ लोटलेला नाही. आज तिगावच्या टपरीवर कुठल्याही जातीचा माणूस कुठल्याही हातचा टोस चहात बुडवतो. मला ही लहान गोष्ट वाटत नाही.

बिस्किट म्हणजे काय हे ठरवायला मी नानकटाई घेतो. बाजारची छापील बिस्किटं नाही, कारण यंत्रात पदार्थाचा स्वभाव लपतो. नानकटाईत तो उघडा असतो. सुरतेच्या डच बेकरीतून ती पारशी दोटीवालांच्या हाती आली अशी कथा सांगितली जाते. सगळ्या पश्चिम हिंदुस्थानाने ती आपली केली. विदर्भात आणि आमच्या सीमेवर दिवाळीआधी घरचा मैदा किंवा कणीक, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि बिस्किटं करून आणायची, ही रीत अनेक घरांत चालत आली. बेकरीवाला मजुरी घेतो, माल आपला. रिकामा पत्र्याचा डबा घेऊन गेलेली मुलं भरलेला, गरम डबा घेऊन परततात, आणि वाटेत डबा हलका होतो. तूप आणि साखर पांढरी होईपर्यंत फेसायची, वेलदोडा, मैदा, जमलं तर मूठभर बेसन किंवा रवा, आणि पाण्याचा थेंब नाही. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसतं, त्यामुळे पिठाला चिकटपणा धरता येत नाही. भाजताना गोळा पसरतो, माथ्यावर भेगा पडतात. त्या भेगा नसतील तर मी नानकटाई घेत नाही.

पाणी नसल्यामुळे नानकटाईतला स्टार्च नीट शिजतच नाही. तो भाजला जातो, पण फुगून, फुटून, एकमेकांत विणला जात नाही. नानकटाईला जे धरून ठेवतं ते तूप आणि साखर. बहुतेक बिस्किटांचं असंच: आत घट्ट झालेली साखर, तिच्यात रुतलेले कच्चेसे कण. केकमध्ये उलट. तिथे पाणी पुरेसं असतं, म्हणून स्टार्च शिजतो; अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात; आणि फेटून कोंडलेल्या हवेभोवती पातळ पण पक्क्या भिंती उभ्या राहतात. केक म्हणजे भिंतींचं घर, बिस्किट म्हणजे साखरेने सांधलेला कणांचा ढीग. मुंबईच्या ग्रँट रोडवर 1914 मध्ये सुरू झालेल्या मेरवानचा मावा केक आणि पुण्यात 1955 पासूनच्या कयानीचं श्रूजबेरी बिस्किट शेजारी ठेवून दोन्ही हळूच तोडून बघा. केक ताणला जाऊन फाटतो. बिस्किट तुटतं.

पण वाळलेल्या केक टोस्टात भिंती आहेत की ढीग, हे कोरड्या तोडण्याने कळत नाही. दोन्ही कडकडच तुटतात. पांढुर्ण्याला एका टपरीवर मी हा वाद काढला तेव्हा चहावाल्याने गाळणी न थांबवता सांगितलं, "बुडवून खा ना काकाजी, मंग समजते." याहून नेमकी कसोटी कुठल्या न्यायाधिकरणाने दिलेली मला माहीत नाही.

चहा गरम हवा, दुधाचा, आल्याचा किंवा झडीच्या दिवसांत गवती चहा घातलेला. आधी नानकटाई बुडवा. क्षणभर ठीक, मग तिच्यातली साखर विरघळते, तूप पातळ होतं, सांधे सुटतात. वरचा भाग हातात राहतो आणि खालचा कपाच्या तळाला जाऊन बसतो. ब्रिस्टलच्या लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञाने बिस्किट चहात किती वेळ धरावं याचं गणित मांडलं. त्याला गमतीदार संशोधनासाठी दिलं जाणारं इग नोबेल 1999 मध्ये मिळालं. द्रव बारीक छिद्रांतून चढत जातो, आणि दुप्पट उंची गाठायला त्याला चौपट वेळ लागतो. छिद्रं मोठी, तर चढणं जलद. बिस्किटात चहा चढतो तसे सांधे तुटत जातात, म्हणून बिस्किट बुडवणं ही वेळेशी शर्यत आहे.

आता केक टोस्ट बुडवा. त्याची छिद्रं मोठी, म्हणून चहा झपाट्याने वर चढतो. रंग पालटताना डोळ्यांना दिसतो. बाहेर काढा. तो पडत नाही. जड झालेला असतो, किंचित वाकतो, एखाद-दुसरा थेंब गळतो, पण काप अखंड असतो. तोंडात घ्या. कडकपणा गेला, आणि त्याच्या जागी आला तो ढिसाळ लगदा नव्हे, तर ओलसर, लवचिक, जाळीदार स्पंज. साखर थोडी विरघळली तरी भिंती साखरेच्या नव्हत्याच. त्या शिजलेल्या स्टार्चच्या आणि अंड्याच्या होत्या, आणि दुसऱ्या भाजणीने त्यांतलं फक्त पाणी नेलं होतं. चहाने ते परत दिलं. जिभेखाली येतो तो पहिल्या दिवशीचा केक, चहाच्या चवीचा. बशीत चहा ओतून त्यात टोस चुरून चमच्याने खाणारे वडीलधारे याच गोष्टीचा आनंद घेत असतात. चुरलेला तुकडासुद्धा शेवटपर्यंत तुकडा राहतो.

साधा पावाचा टोस्टही चहात अखंड राहतो, अशी हरकत कुणी घेईल. बरोबर आहे, तो भिजून पुन्हा पाव होतो. खारी भिजून पदर-पदर होते, बटर भिजून घट्ट कणकेचा होतो. भिजल्यावर जो तो आपल्या मुळाकडे जातो, आणि केक टोस्टाचं मूळ केक आहे. झडीत मऊ पडतो तेव्हाही तेच घडत असतं, फक्त हवेतून अर्धवट पाणी मिळाल्यामुळे तो धड केक होत नाही आणि धड टोस्ट राहत नाही. म्हणून मऊ पडलेला केक टोस्ट फेकू नये; तव्यावर मंद आचेवर उलटसुलट शेकला की पुन्हा उभा राहतो.

अंड्याविना केलेल्या केक टोस्टाबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे. दूध पावडर, दही किंवा कंडेन्स्ड मिल्क वापरून केलेला चांगला असू शकतो, आणि ज्या घरांत अंडं येत नाही तिथे त्याच्यामुळेच केकची चव पोचली, याचं मला मोल आहे. पण अंड्याची जागा नुसत्या सोड्याने भरून काढली की जाळी मोठी आणि ओबडधोबड होते, भिंती कमकुवत राहतात, आणि मागे साबणासारखी चव उरते. असा टोस्ट चहात बिस्किटासारखा ढासळतो. भडक पिवळा रंगही बहुधा अंड्याची उणीव झाकायला घातलेला असतो. अंड्याचा पिवळेपणा इतका ओरडत नाही.

माझा निकाल असा: केक टोस्ट हा केक आहे, टिकण्यासाठी वाळवलेला केक. चहाशिवाय त्याचा न्याय करू नये. आणि बरणीतून घेताना गडद कड असलेला, बारीक जाळीचा, फिक्या बदामी रंगाचा काप मागून घ्यावा, अंड्याचा आहे का ते विचारावं, आणि तळाशी चुरा फार साठलेला दिसला तर त्या दिवशी खारी घ्यावी.